दहा दिवसांत पाच जंगलं: इंदूरच्या एका कुटुंबाच्या प्लॅनबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात सांगायचं तर तुम्ही लोकमान्य नगरचे, घरातले सहा जण, म्हणजे तुम्ही दोघं, अकरा आणि सहा वर्षांची मुलं आणि सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा, त्यात आईंच्या गुडघ्यांचा त्रास. नाताळच्या सुट्टीत दहा दिवस मिळताहेत, स्वतःची गाडी आहे, आणि पेंच, कान्हा, बांधवगड, पन्ना आणि शेवटी रणथंबोर असा गोल मारून घरी यायचंय. मुलांना वाघ नक्की दिसला पाहिजे. पुढच्या वर्षी गीर आणि काझीरंगा. आणि विचारलंय एवढंच की हा रूट बरोबर आहे का.

मी इंदूरहूनच छोटे फॅमिली ग्रुप घेऊन जंगलात जाते, बरीच वर्षं हेच काम आहे, आणि जवळपास प्रत्येक घरातून पहिली यादी अशीच येते. नकाशावर रूट बरोबर आहे, एकापुढे एक जंगल येतंय, उलटं कुठे फिरायला लागत नाही. पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न रूटचा नाहीच आहे. दहा दिवसांतले किती तास तुम्ही जंगलात असाल आणि किती तास हायवेवर, हा तो प्रश्न आहे, आणि तो मांडून बघितला की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

बघा ना. इंदूरहून पेंचच्या तुरिया गेटला पोचायला आई-बाबांना सोबत घेऊन पूर्ण दिवस जातो. पेंच ते कान्हा साधारण दोनशे किलोमीटर, अर्धा दिवस. कान्हा ते बांधवगड अडीचशेच्या आसपास, पाच-सहा तास धरा. बांधवगड ते पन्ना जवळपास तेवढंच. पन्न्याहून रणथंबोरचं सवाई माधोपूर म्हणजे पहाटे निघून रात्री पोचायचं, आणि तिथून इंदूर परत एक दिवस. यातला जो 'अर्धा दिवस' आहे ना, तो प्रत्यक्षात अख्खा दिवस खातो, कारण सकाळची सफारी केली तर गेटमधून बाहेर यायला अकरा वाजतात, मग आंघोळ, जेवण, सामान भरणं, निघायला एक, आणि डिसेंबरात दुपारच्या शिफ्टला अडीच-तीनपर्यंत गेटवर असावं लागतं, म्हणजे पुढच्या जंगलातली दुपारची सफारी गेलीच. परमिट त्या तारखेचं आणि त्या शिफ्टचं असतं, उशीर झाला म्हणून कोणी उद्याचं करून देत नाही. तर हिशोब असा होतो की पाच जंगलं आणि प्रत्येक ठिकाणी एक सफारी, फार तर दोन.

आणि एका जंगलातली पहिली सफारी ही निम्मी ओळखीतच जाते. मुलं उत्साहात असतात, कोणाला थंडी वाजते, कोणाला कॅमेरा सापडत नाही, डोळ्यांना जंगलाची सवय झालेली नसते, शंभर फुटांवरचं सांबर गाईड बोट दाखवून सांगतो तरी दिसत नाही. दुसऱ्या सफारीला नजर बसते. तिसऱ्या-चौथ्याला मुलं स्वतःहून दाखवायला लागतात, की आई तिकडे गवा आहे. माझा अनुभव पक्का आहे की ज्या घरातल्यांनी एका जंगलात चार सफाऱ्या केल्या त्यांना त्या जंगलाचं काहीतरी कळलं, आणि ज्यांनी चार जंगलांत एक-एक केली त्यांच्या लक्षात टोलनाके राहिले.

वाघाचंही तसंच आहे. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ धरले आणि त्यात सगळ्यात जास्त, ७८५, आपल्या मध्य प्रदेशात. आकडा मोठा वाटतो, पण एकट्या कान्ह्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव गाभा, नऊशे चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात प्रकरण गेल्यानंतर जे नियम आले त्यांच्यानुसार कोअरचा जास्तीत जास्त वीस टक्के भागच पर्यटनाला वापरता येतो, तोही ठरलेल्या रस्त्यांवरून. त्या रस्त्याजवळ, तुम्ही असताना, वाघ येणं हा योगाचा भाग आहे. पण योगाला मदत करता येते. एकाच जंगलात सलग दोन-तीन दिवस असलं की काल संध्याकाळी कुठल्या नाल्यात कॉल होते (म्हणजे वाघाची चाहूल लागून जनावरं इशाऱ्याचं ओरडत होती), कुठल्या वाघिणीने चितळ मारलंय आणि ती अजून तिथेच बसली असेल, ही माहिती तुमच्या ड्रायव्हरकडे असते आणि दुसऱ्या दिवशी ती तुमच्या कामाला येते. रोज जंगल बदललं की रोज शून्यापासून सुरुवात. म्हणून 'नक्की दिसेल' असं मी कोणालाच सांगत नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडून बुकिंग करू नका.

आता काय करायचं ते. पण त्याआधी काय कशावर अवलंबून आहे ते बोलते, कारण यात सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. तुम्ही दोघंच असतात आणि फक्त वाघाचे फोटो हवे असते तर मी सांगितलं असतं की डिसेंबर सोडा, एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये सरळ बांधवगड नाहीतर ताडोबा गाठा, गवत वाळलेलं असतं, पानं गळालेली असतात, पाणी मोजक्या जागी उरतं आणि जनावर पाण्यावर येतंच. पण तेव्हा दुपारी बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री असतं, वरून छत नसलेली जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी जीप, सत्तरीच्या माणसांना आणि सहा वर्षांच्या मुलाला त्यात बसवणं मला पटत नाही. डिसेंबरात उलट आहे. गवत उंच, पाणी सगळीकडे, वाघाला पाण्यावर यायची घाई नाही, पहाटे हाडं गोठवणारी थंडी, दुपारची शिफ्ट छोटी कारण साडेपाचला अंधारायला लागतं. पण दहानंतरचं ऊन छान असतं, आकाश स्वच्छ, पक्षी भरपूर, आणि कान्ह्यात तर डिसेंबर-जानेवारीत एक अशी गोष्ट चाललेली असते जी उन्हाळ्यात दिसत नाही.

ती म्हणजे बारशिंगे. हा त्यांच्या माजाचा काळ असतो. सकाळी धुकं उठायला लागलं की मैदानातल्या ओल्या गवतात नर मान खाली घालून शिंगं घुसळतो, आणि मान वर करतो तेव्हा शिंगांवर गवताचा अख्खा झुबका अडकलेला असतो, कधी कधी इतका लांब की डोळ्यांवर लोंबतो. तसाच तो सजून माद्यांसमोर फिरतो आणि मधूनच मान वर करून ओरडतो, आवाज लांबून गाढवासारखा वाटतो. मुलं हे बघताना वाघ विसरतात, मी कितीदा बघितलंय. आणि हे जनावर आज आपल्याला दिसतंय हेच मोठं आहे. १९७० मध्ये कान्ह्यात फक्त ६६ बारशिंगे उरले होते, आणि कठीण जमिनीवर राहणारी ही जात जगात दुसरीकडे कुठे उरली नव्हती. मग कुंपण घालून वाघ-बिबट्या आत येणार नाहीत अशा जागेत त्यांना वाढवलं, आतली गावं बाहेर वसवली, त्या शेतांची मैदानं झाली, आणि आज ते शेकड्यांनी आहेत, काही सातपुड्यातही नेऊन सोडलेत. आपल्या राज्याचा राज्यप्राणी आहे, इंदूरच्या मुलांनी तो बघायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

तर तुमच्या घरासाठी, या दहा दिवसांसाठी, मी दोनच जंगलं धरेन. पेंच आणि कान्हा. पहिल्या दिवशी इंदूरहून बैतूलकडून छिंदवाड्यापर्यंत, तिथेच मुक्काम, आई-बाबांना एका दिवसात अख्खा पल्ला नको. दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी तुरियाला पोचा आणि त्या दिवशी काही करू नका, मुलांना रिसॉर्टच्या आवारात सोडा. मग दोन दिवसांत पेंचच्या तीन सफाऱ्या. पेंच सुरुवातीला घ्यायचं कारण ते मोकळं, सागाचं जंगल आहे, नवीन डोळ्यांना लांबपर्यंत दिसतं, चितळांचे मोठमोठे कळप आहेत, कोल्हा, मोर, नीलपंख सगळं रस्त्यालगत. ज्या वाघिणीने आठ वेळा मिळून २९ पिल्लं दिली ती कॉलरवाली इथलीच, जानेवारी २०२२ मध्ये गेली, पण गाईडला तिच्याबद्दल विचारा, तिथला प्रत्येक जण तिच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतो.

पाचव्या दिवशी कान्हा, आणि तिथे चार रात्री. चार सफाऱ्या पुरेत, त्यातल्या दोनच आई-बाबांसाठी ठेवा. दिवसाला दोन सफाऱ्या म्हणजे सात-आठ तास हादरे, पाठीला आणि गुडघ्यांना सोसत नाही, आणि एक दमला की सगळ्यांचा मूड जातो. नवव्या दिवशी कान्ह्याहून जबलपूर, संध्याकाळी भेडाघाट, धुवांधार धबधबा आई-बाबांना आवडेल, रात्री जबलपूरला झोपा आणि दहाव्या दिवशी सकाळी लवकर निघून घर. जबलपूर-इंदूर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, लांबच आहे, पण शेवटच्या दिवशी चालतं.

कान्ह्याचं बुकिंग करताना एक गोष्ट सांभाळा. खटिया-किसली गेट आणि मुक्की गेट ही जंगलाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना आहेत, बाहेरच्या रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायला बराच वेळ लागतो. लोक स्वस्त बघून खटियाला हॉटेल घेतात आणि परमिट मिळालं म्हणून मुक्कीचं घेतात आणि मग पहाटे तीनला उठून थंडीत गाडी चालवतात. आधी परमिट कुठल्या गेटचं मिळतंय ते बघा, मग त्याच गेटजवळ हॉटेल. उलटं नको.

बांधवगड, पन्ना, रणथंबोर काढून टाका असं मी म्हणत नाहीये, वेगळे काढा. बांधवगडला इंदूरहून नर्मदा एक्स्प्रेस थेट उमरियाला उतरवते, तिथून बांधवगडचं ताला गेट पस्तीसेक किलोमीटर, गाडी चालवायची गरजच नाही. मार्चच्या शेवटी मुलांची परीक्षा संपते आणि नवीन वर्ग सुरू व्हायला थोडे दिवस असतात, तो काळ बांधवगडला फार सुंदर असतो, पळस फुललेला, मोह गळायला लागलेला, उन्हाचा चटका अजून सुरू झालेला नाही. फक्त होळीला सफारी बंद असते तेवढं कॅलेंडरमध्ये बघा. रणथंबोर तर आपल्याला कोट्याच्या बाजूने रात्रीच्या गाडीने सवाई माधोपूर, शनिवार-रविवारला एक दिवस जोडला की होतं. आणि पन्ना खजुराहोसोबत करा, तिथे दोन्ही गोष्टी मिळतात. पन्न्याची कहाणी मुलांना जाण्याआधी सांगा, २००९ मध्ये तिथे एकही वाघ उरला नव्हता, मग कान्हा आणि बांधवगडहून वाघिणी आणल्या, पेंचहून वाघ आणला, आणि पुन्हा जंगल भरलं. केन नदीच्या काठाने फिरताना हे माहीत असलं की वेगळंच वाटतं. म्हणजे तुमची पाच जंगलांची यादी तीच राहते, फक्त एका प्रवासाऐवजी वर्ष-दीड वर्षात पसरते.

पेंच-कान्ह्याची परमिटं नाहीच मिळाली तर? नाताळात हे होऊ शकतं. तेव्हा दोन रस्ते आहेत. एक, बफर, म्हणजे कोअरच्या भोवतालचा पट्टा. पेंचला तेलिया, रुखड, खवासा, कान्ह्याला खटियाचं बफर, इथे गर्दी कमी असते आणि वाघाला काही कोअर-बफरची रेष माहीत नसते, बफरमध्ये चांगल्या साइटिंग होतात. लोक बफरला दुय्यम समजतात ते चुकीचं आहे. दोन, सातपुडा. भोपाळ-नर्मदापुरम-सोहागपूर करून सातपुड्याच्या मढई गेटला दुपारपर्यंत पोचता, म्हणजे आपल्याला सगळ्यात सोयीचं मोठं जंगल हेच. तिथे देनवा नदीचं पाणी बोटीने ओलांडून मग जिप्सीत बसायचं, वाघ कमी दिसतो पण अस्वल, गवे, शेकरू, नशीब असलं तर बिबट्या, आणि शांतता अशी की पान पडलेलं ऐकू येतं. मला स्वतःला राज्यातलं सगळ्यात लाडकं जंगल हे आहे. फक्त आईंचा विचार करा, काठावर उतरणं आणि बोटीत पाय टाकणं गुडघ्यांना जड जाऊ शकतं, आधी हॉटेलवाल्यांना फोन करून त्या दिवसांत काठाची काय परिस्थिती आहे ते विचारून घ्या. पायी फिरायची सोय सातपुड्यात आहे पण लहान मुलांना नेत नाहीत, ते मोठ्यांसाठी.

आत्तापर्यंतचं एकत्र सांगते: नाताळात पेंच आणि कान्हा, नाही मिळालं तर त्यांचंच बफर किंवा सातपुडा, मार्चच्या शेवटी बांधवगड ट्रेनने, रणथंबोर आणि पन्ना वेगवेगळ्या छोट्या सुट्ट्यांत.

आता जिप्सीचं, कारण सहा जण हा आकडा तुमच्या फायद्याचा आहे. आपल्याकडे एका जिप्सीत सहा पर्यटक, वर गाईड आणि ड्रायव्हर. तुमचं घर एका गाडीत बरोबर बसतं, कोणी अनोळखी नाही, आणि गाडीचा-गाईडचा खर्च सहा जणांत वाटला जातो. पुढे ड्रायव्हर-गाईड, मागे दोन बाकं, तीन-तीन जण. शेवटचं बाक उंच असतं आणि मागच्या चाकांवर येतं, तिथे सगळ्यात जास्त आदळतं. आई-बाबा पुढच्या बाकावर, आईंना कडेला, म्हणजे पाय थोडा लांब करता येईल. त्यांच्या शेजारी धाकटा, मागे तुम्ही दोघं आणि मोठा. जिप्सीत चढायची पायरी उंच असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाची निम्मी ताकद चढण्या-उतरण्यातच जाते, त्यामुळे एक छोटं प्लास्टिकचं स्टूल सोबत न्या. साधी गोष्ट आहे पण मी प्रत्येक वेळी नेते. कमरेमागे ठेवायला एक उशी. मध्ये एका ठरलेल्या जागी गाडी थांबते, तिथे टॉयलेट असतं आणि नाश्ता करता येतो, त्याआधी उतरता येत नाही, तर आईंना पहाटेचा चहा अर्धाच द्या.

थंडीला हलकं घेऊ नका. इंदूरची थंडी आणि कान्ह्याच्या मैदानातली पहाटेची थंडी यात फार फरक आहे, गवतावरचं दव गोठतं, आणि उघड्या गाडीत वारा लागतो तो वेगळाच. कानटोपी, हातमोजे, दोन जोड मोजे, आणि एकाच जाड जॅकेटऐवजी तीन-चार थर, कारण दहाला ऊन चढलं की काढावे लागतात. हॉटेलकडून ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी मागून घ्या, बरेच जण देतात. रंग मातकट, हिरवा, राखाडी. सेंट-अत्तर नको. आणि शेवेची पाकिटं गाडीत नकोत, हे आपल्या इंदूरकरांना सांगायलाच लागतं, त्या प्लास्टिकचा आवाज होतो आणि एखादं उडून खाली गेलं की वानर ते उचलतं. खाणं डब्यात भरा.

गेटवर गाईड रोटेशनने मिळतो, आपण निवडू शकत नाही. बहुतेक जण आजूबाजूच्या गावांतलेच असतात, जंगल त्यांनी लहानपणापासून बघितलंय. बसल्या बसल्या त्यांना एक वाक्य सांगा, की भैया, वाघ दिसला तर आनंदच आहे, पण आम्हाला जंगल बघायचंय, तुम्हाला जे आवडतं ते दाखवा. याने त्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. कारण बहुतेक पर्यटक पहिला प्रश्न विचारतात 'काल कुठे दिसला', आणि मग तो बिचारा ड्रायव्हरला पळवत सुटतो, एका ठिकाणी वीस गाड्या गोळा होतात, गाड्यांचा धूर, आरडाओरड, आणि वाघिणीला रस्ता ओलांडायला जागा राहत नाही. हे बघून मला खरंच त्रास होतो. तुमची गाडी अशा गर्दीत सापडली तर ड्रायव्हरला सांगा की मागे घ्या, आम्हाला घाई नाही. तुम्ही बोललात तर तो ऐकतो, तो पळवतो ते तुमच्यासाठीच असतं.

आणि मुलांना वाघ शोधायला शिकवा, नुसता दिसायची वाट बघत बसायला लावू नका. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात, रस्त्यावरची धूळ अजून फार तुडवलेली नसते तेव्हा, गाईडला पगमार्क, म्हणजे वाघाच्या पंज्याचे ठसे, दाखवायला सांगा. त्यात बघायचं असतं की पंजा टायरच्या खुणेच्या वर आहे की टायरची खूण पंज्याच्या वर. कालच्या संध्याकाळच्या टायरवर पंजा उमटलेला असेल तर वाघ रात्रीतून गेलाय. पंज्याच्या कडा अजून धारदार असतील, आत एखादं पान किंवा दवाचा थेंब पडलेला नसेल, तर थोड्या वेळापूर्वीच. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला हे एकदा कळलं की तो पुढचे चार तास खाली वाकून रस्ताच बघत बसेल. मग कॉल. गाडी बंद करायला सांगा आणि सगळ्यांनी गप्प बसा. चितळ बारीक, कर्कश ओरडतं, पण ते जरा घाबरट आहे, कशालाही ओरडतं. झाडाच्या शेंड्यावरून वानर खोकल्यासारखं करत असेल आणि एकाच दिशेला बघत असेल तर लक्ष द्या, त्याला वरून दिसतं. आणि सांबर, तो खोल, घंटेसारखा एकच आवाज, परत परत, पाय आपटत, तेव्हा समजायचं की जवळ काहीतरी खरंच आहे. तिथून हलायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं एका जागी थांबणं हे दहा किलोमीटर पळण्यापेक्षा जास्त कामाचं असतं.

सहा वर्षांचा मुलगा चार तास गप्प बसणार नाही, ते धरूनच चला. त्याला एक छोटी दुर्बीण आणि एकच काम द्या, समजा फक्त पक्षी मोजायचे, किंवा फक्त मोठी वारुळं. आणि जायच्या आधी एक-दोन रविवार सराव करा. राळामंडल अभयारण्य तुमच्या घरापासून फार लांब नाही, होळकरांच्या शिकारखान्यापर्यंत चालत जा, चितळ दिसतात, पाय ठेवताना आवाज न करणं, कुजबुजत बोलणं, हे तिथे शिकता येतं. सिरपूर तलावावर हिवाळ्यात सकाळी सातला जा, बदकं उतरलेली असतात, दुर्बीण कशी धरायची ते तिथे हात बसतो. मी माझ्या ग्रुपमधल्या मुलांना आधी सिरपूरलाच नेते.

पुढच्या वर्षीच्या गीर आणि काझीरंगाबद्दल. हे दोन्ही एका प्रवासात जोडू नका, देशाची दोन टोकं आहेत. आणि प्रत्येक भागाचं कॅलेंडर वेगळं आहे ते आधी बघा. आपल्या मध्य प्रदेशात कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, आणि बुधवारी दुपारची सफारी नसते. ताडोबा मंगळवारी बंद. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद. काझीरंगा पावसात पुराखाली जातं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालू. गीर आई-बाबांसोबत सोपं आहे, जबलपूरहून सोमनाथ-वेरावळकडे जाणारी गाडी उज्जैन-रतलामहून जाते, जुनागढला उतरायचं, गीरच्या सफारीचं गाव सासण तिथून तास-दीड तास. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह धरले, आणि सिंह मोकळ्यावर कळपाने बसतो म्हणून दिसायची शक्यता वाघापेक्षा बरी. दिवाळीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, सगळा गुजरात तिथे असतो. काझीरंग्याला फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च, कारण तोपर्यंत उंच गवत जाळून-कापून कमी झालेलं असतं आणि गेंडे, रानम्हशी, हत्ती एकाच मैदानात दिसतात. गुवाहाटीपर्यंत विमान, मग गाडीने चार-पाच तास, कोहोरा आणि बागोरी या दोन रेंज, म्हणजे जंगलाचे विभाग, नीट करा, तीन रात्री ठेवा. तिथे तुम्हाला 'दिसेल का' हा प्रश्नच पडत नाही, गेंडा दिसतोच.

शेवटी बुकिंग. मध्य प्रदेशची परमिटं राज्याच्या एमपी ऑनलाइन पोर्टलवरून निघतात, झोनप्रमाणे आणि शिफ्टप्रमाणे गाड्यांची संख्या ठरलेली असते, आणि बुकिंग काही महिने आधी उघडतं, नाताळचं त्याच दिवशी भरतं. किती दिवस आधी उघडणार हे पोर्टलवर आत्ताच बघून ठेवा, नियम बदलत राहतात. परमिट ऑनलाइन, गाईड आणि जिप्सीचे पैसे वेगळे, ते तिथे द्यायचे, एजंटने एकच आकडा सांगितला तर त्याच्याकडून हे तीन वेगळे करून घ्या. परमिटवर सहाही जणांची नावं आणि ओळखपत्राचे नंबर असतात आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, फोटो चालत नाही, नंतर नाव बदलता येत नाही. मुलांची आधार कार्डं अपडेट आहेत का ते आजच बघा. बाबांचं नाव आधारवर जसं आहे तसंच टाका, घरात म्हणतो तसं नको. आणि बुकिंग उघडायच्या आदल्या रात्री सहाही नावं, वयं आणि नंबर एका कागदावर लिहून कॉम्प्युटरसमोर ठेवा, तुम्ही दोघं दोन लॅपटॉपवर बसा, एकाने कान्हा आणि एकाने पेंच. परमिट हातात आल्यावर गेट कुठलं मिळालं ते इथे लिहा, त्या गेटजवळ आई-बाबांना जिने चढायला न लागणारी जागा कुठे मिळेल ते मी सांगते.